वडापमधली कृष्णऊर्जा

नसरापूरहून वेल्ह्याला निघालेल्या वडापच्या जीपमध्ये एक बाई माझ्या शेजारी होत्या. विश्वावर संशोधन करायच्या. दर खड्ड्याला चष्मा सावरायच्या आणि खुदकन हसायच्या.

"ताऱ्यांची गावंच्या गावं एकमेकांपासून लांब पळतायत," त्या मला म्हणाल्या. "वेगही वाढतोय. त्यांना ढकलणाऱ्या शक्तीला आम्ही कृष्णऊर्जा म्हणतो. ती काय आहे, कुणालाच ठाऊक नाही."

तेवढ्यात ड्रायव्हरनं सतरावा माणूस आत कोंबला. समोरच्या मावशी अंग चोरत म्हणाल्या, "मंग हितं सरकायला जागा का हुईना, बाई?"

बाईंना हसू आवरेना. "मावशी, जी गावं जवळ असतात ती एकमेकांना धरून राहतात. तिथं कृष्णऊर्जेचं काही चालत नाही."

पुढच्या खड्ड्याला मावशींनी बाईंचा दंड घट्ट धरला, आणि आम्ही सतराही जण हसत सुटलो.