देवदाराच्या पट्ट्यांची नाव

ताहेराचा फोन आला तेव्हा मी सात रस्त्याजवळ चष्म्याच्या दुकानात बसले होते. "बाई, अब्बा गेले," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं. नझीरभाई गेले म्हणजे लाकडाच्या वखारीत गेले असतील, नाहीतर जेऊरला, इतकंच माझ्या मनात आलं... "कामाच्या खोलीत, खुर्चीतच," ती म्हणाली, तेव्हा कळलं. सकाळी न्याहारी करून ते कामाच्या खोलीत गेले, खुर्चीत टेकले आणि तिथेच त्यांचं हृदय थांबलं. त्याला आता दोन महिने होऊन गेले.

सोलापूरच्या भवानी पेठेत नझीर मिस्त्रींना सगळे ओळखत. हातमागांची लाकडी दुरुस्ती हे त्यांचं आयुष्यभराचं काम. माग कमी झाले तसे ते दारं-खिडक्यांकडे वळले, पुढे तेही काम प्लायवूडवाल्यांकडे गेलं. त्यांची मुलगी ताहेरा माझ्या शाळेत होती, मी तिला चित्रकला शिकवायचे. रस्त्यात दिसल्यावर हात जोडण्यापुरतीच काय ती आमची ओळख. मी निवृत्त झाले, पाठोपाठ आमचे हे गेले, आणि मी पेन्सिल हातात घेणंच सोडून दिलं. अशा दिवसांत एका सकाळी नझीरभाई दारात उभे राहिले. हातात छापील कागद होते. लाकडाच्या अरुंद पट्ट्या कडेला कड चिकटवून केलेली, दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्यानं चालवायची नाव. ताहेराच्या मोबाइलवर ती त्यांनी पाहिली होती. नावेचे आडवे छेद पूर्ण आकारात काढून हवे होते. त्यावरून साचे कापायचे आणि साच्यांवर पट्ट्या वाकवायच्या.

सोलापुरात नाव कशाला, हे मी विचारलं. त्यांनी सांगितलं, की त्यांचं मूळ गाव जेऊरच्या बाजूचं. ते दहा वर्षांचे असताना आई गेली, गावच्या कब्रस्तानात तिला पुरलं. ते जाणते झाले त्या सुमाराला उजनी धरणाचं पाणी आलं आणि गावासकट कबरही पाण्याखाली गेली. एकदा ते मासेमारीच्या होडीतून तिथवर जाऊन आले होते. पण होडीवाल्याला जाळी काढायची घाई, इंजिन चालूच... आईसाठी मागायची दुवा पुरी व्हायच्या आत त्यानं होडी वळवली होती.

"त्याची चूक न्हाय बाई. त्याचं पोट हाय त्यावर," ते म्हणाले. "पण एकदा आपल्या हातच्या लाकडावर बसून जावं म्हन्तो. मग कुनी उठवनार न्हाय की."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते अजून नीट सांगता येत नाही.

लाकूड निवडण्यातच दोन महिने गेले. जुन्या मागांचं सागवान त्यांच्याकडे पडून होतं आणि त्यावर त्यांचा जीव होता. त्याच्याच पट्ट्या आधी काढल्या, पण वजन केल्यावर मान हलवली. ही नाव दोघांनी उचलून नेता आली पाहिजे, असं त्यांच्या मनात होतं. पाईनच्या फळ्यांत गाठीच फार. गाठ आली की वाकवताना पट्टी तिथेच मोडायची. शेवटी एका वखारीत देवदार मिळाला. मी बरोबर होते. वीसेक फळ्या त्यांनी उन्हात ओढून घेतल्या, प्रत्येकीच्या कडेला उभं राहून लाकडातली रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाते का ते पाहिलं आणि सात ठेवल्या. वखारवाला वैतागला होता. नझीरभाईंनी त्याला फळीचा वास घ्यायला लावला, तेव्हा तोही हसला.

फळ्या दहा फुटांच्या, नाव चौदा फुटांची. म्हणजे पट्टी पट्टीला जोडणं आलंच. पहिल्यांदा त्यांनी टोकाला टोक लावून चिकटवलं. साच्यावर वाकवताच पट्टी बरोबर त्या जागी तुटली. मग त्यांनी दोन्ही टोकं उतरती तासली. पाव इंच जाडीला दोन इंचांचा उतार. एक उतार दुसऱ्यावर निजवून गोंद लावायचा, शिकंज्यात धरायचं आणि दिवसभर हात लावायचा नाही. विटांच्या भिंतीत असतात तसे सांधे पुढे-मागे ठेवायचे, एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. चाळीस वर्षं माग दुरुस्त केलेला हा माणूस एका सांध्यासाठी चार-चारदा रंधा मारायचा.

ताहेरा नर्स आहे. वडलांच्या हृदयाचे कागद तिनं वाचलेले होते. ती माझ्याकडे येऊन चिडून म्हणाली, की बाई, तुम्ही तरी त्यांना थांबवा. मी थांबवलं नाही. त्या काळात ते जेवत होते, झोपत होते. आणि खरं सांगायचं तर मीही.

मग माझी चूक निघाली. अर्ध्याहून जास्त पट्ट्या चढल्यावर मधल्या एका साच्यावर त्या नीट बसेनात, उंचवटा दिसायला लागला. मी आकृती मोजली. त्या छेदात मी जवळजवळ अर्धा इंच जास्त धरला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळत होते, आकडे धूसर दिसायचे, पण कुणाला बोलले नव्हते. त्यांनी महागाचं लाकूड आणि इतके महिने माझ्या रेषेवर विश्वासून घातले होते. मी म्हटलं, "मला हे आता जमत नाही, दुसरं कुणी पाहा." उंचवट्यावरच्या आठ पट्ट्या त्यांनी एकेक करून सोडवल्या, साचा तासला आणि मग मला जवळ बोलावलं.

"डोळे मिटा अन् हात फिरवा. कुटं टोचतंय ते सांगा."

मी हात फिरवला. दोन जागी सांगितलं, त्यांनी रंधा मारला. पुन्हा फिरवला... तिसऱ्या वेळी हात कुठेच अडला नाही.

"आता डोळ्याच्या डाक्टरकडं जावा," ते म्हणाले, "अन् उद्या या."

मी दोन्ही केलं.

पट्ट्या पुऱ्या झाल्या, घासून झालं, आतून-बाहेरून काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन चढलं, तेव्हा देवदाराचा रंग मधासारखा उघडला. टेम्पोत घालून आम्ही नाव पाण्याकाठी नेली. ताहेरा रजा काढून आली. एका मच्छीमारानं आपली होडी सोबतीला दिली, तीत ती बसली. नझीरभाई आणि मी नावेत. दूरची टेकडी आणि काठावरचं एक वळण जुळवत त्यांनी कबरीची जागा धरली आणि वल्हं आत घेतलं. होडीचं इंजिन बंद झालं. तळवे उघडून ते किती वेळ बसले, मला सांगता येणार नाही. नाव जराशी डुलत होती. दुवा झाल्यावर तोंडावरून हात फिरवून ते खाली वाकले आणि तळाशी बोट लावून पाहिलं.

"कोरडं हाय," म्हणाले.

परत काठाला लागलो तेव्हा रुक्मिणी नावाची एक बाई नाव निरखत उभी होती. तिचं शेत पलीकडच्या काठावर. रोज पत्र्याची जड होडी ओढून ती जाते-येते. असली हलकी आपल्याला मिळेल का, असं तिनं विचारलं. नझीरभाईंनी तिथेच हो म्हटलं आणि आठवड्याभरात पट्ट्या कापायला घेतल्या. एक बाजू चढली, आणि ते गेले.

चाळिसाव्या दिवसाची दुवा झाल्यावर ताहेरानं खोली उघडली. काय करायचं ते आम्हा दोघींनाही कळत नव्हतं. म्हणून रविवारी भेटून निदान झाडझूड करायची ठरवली. पहिल्या रविवारी झाडलं. दुसऱ्या रविवारी तिनं उतार तासून पाहिला. तो तिसऱ्या रविवारी कुठे जमला. त्याच सुमाराला रुक्मिणीचा फोन आला. तिला काहीच माहीत नव्हतं. मिस्त्रींना सांगा, घाई न्हाय, असं ती म्हणत होती. ताहेरानं सांगितलं. नाव किती झालीय ते तिनं विचारलं. मग रुक्मिणी म्हणाली, "मंग मीच येते की हात लावायला."

गेल्या रविवारी ती जेऊरहून गाडीनं आली, भाकरी आणि ठेचा बांधून. चपला दाराशी काढल्या, नावेभोवती एक फेरी मारली आणि बैठकीसाठी केलेली खूण पाहून थांबली. मागं गवताचा भारा ठेवला की नाव मागं दबणार, बसायची जागा वीतभर पुढं पाहिजे, असं तिचं म्हणणं. नझीरभाई असते तर त्यांनी आधी वाद घातला असता, मग नवं माप काढायला कागद मागून घेतला असता. ताहेरानं माझ्याकडे पाहिलं. मी नव्या चष्म्यातून माप घेतलं, जुनी खूण खोडली आणि वीतभर पुढे दुसरी काढली.