शाळेच्या गेटवरची सावली

मंडळी, आज सकाळी साडेदहाला मी न विचारता मीटिंग रूमचं दार उघडलं, आणि तिथेच माझं सगळं बदललं.

कॉलेज अर्धवट सोडून इथे आखातात आलेला मी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एका शाळेत बसगाड्यांचं बघतो. आमच्याच रत्नागिरीच्या सना मॅडम तिथे शिकवतात. मला त्या आवडतात, हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत आहे. बलदियाचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, एक पुणेरी इंजिनियर शाळेच्या गेटच्या कामासाठी मॅडमना भेटायला या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. एका गेटसाठी तीन मीटिंगा? मला काही पटेना.

आत तो आणि सना मॅडम एकाच नकाशावर वाकलेले.

"कसलं सहकार्य चाललंय हे?" मी ओरडलोच.

"ओरडतोस काय रे रिझवान? तुम्हा बसवाल्यांसाठी गेटवर शेड मागतेय. उन्हानं डोकं तापतं ना तुझं?" मॅडम म्हणाल्या.

इंजिनियर हसला. "जागा शाळेची, छप्पर आमचं. सही झाली की खलास."

लाज वाटली. पण नकाशाशेजारी मॅडमचा घरचा थर्मास होता आणि दोन कप. दोन वर्षांत मला घोटभर चहा विचारला नाही. तुम्हीच सांगा, शेडच्या सहीला घरचा चहा लागतो?

"शुक्रन, मॅडम," एवढेच अरबीत आभार मानले, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.