तरोट्याची कॉफी

आमच्या घरी सुनांनी सासऱ्यांसमोर जायचं नाही, अशी रीत होती. चहा असो की काढा, पेला उंबऱ्याच्या आत सरकवायचा आणि हात मागे घ्यायचा. मामंजींना आमची तोंडं फारशी ठाऊक नव्हती, पण हात पक्के ठाऊक होते. माझा हात दिसला की ते म्हणत, "मोठीनं आनलं." त्या तेवढ्या बोलण्यावर मी चार वर्षं त्या घरात ताठ मानेनं वावरले. सासूबाई नव्हत्या. साखरेच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असायची, आणि मामंजींचा दमाही माझ्याच वाट्याला होता. धूळ उडाली की त्यांची छाती भरून यायची, मग मी अडुळशाचा काढा उकळायचे.

मग धाकटी जाऊ आली. तिचे वडील रेल्वेत, निजामाच्या मुलखात. ती गोरी होती, ते मी माफ केलं असतं. तिला वाचता येत होतं, तेही चाललं असतं. पण ती येताना कॉफीचा डबा घेऊन आली. अनसिंगच्या बाजारात तोवर कॉफी कुणी पाहिलेली नव्हती, आमच्या घरात चहासुद्धा नवाच होता. पहिल्याच हिवाळ्यात मामंजींचा दमा उसळला आणि हिनं काळी, घट्ट कॉफी करून उंबऱ्याआत सरकवली. अर्ध्या तासात मामंजी ताठ बसले आणि त्यांनी पान मागितलं. माझ्या काढ्याला याच कामाला दिवस मावळायचा.

त्या दिवसापासून आतून हाक यायची ती धाकटीच्या नावानं. पुढच्या महिन्यात त्यांनी माझ्या यजमानांकरवी निरोप धाडला, की कॉफीला साखर वारंवार लागते, तेव्हा कपाटाची किल्ली धाकटीकडे असू द्या. मी किल्ली काढून दिली आणि त्या दिवशी भाकरीला इतकं मीठ घातलं की गड्यांनीसुद्धा पाणी मागितलं. माझा जळफळाट झाला होता, आणि तो लपवायची मला गरजही वाटत नव्हती.

माझं माहेर केनवडकडचं, गरिबीचं. तिथे पाहुण्यांसाठी तरोट्याच्या बिया भाजून, कुटून, गुळाच्या पाण्यात उकळायचे. तरोटा म्हणजे टाकळा, बांधावर आपोआप उगवणारं तण, पावसाळ्यात त्याची भाजी करतात. त्या पाण्याचा रंग काळा, चव कडवट. धाकटीची कॉफी मी चोरून चाखली तेव्हा मनात म्हटलं, हे तर आपलंच. औषध असेल ते या कडूपणात असेल, दुसरं काय असणार? मग बांधावरचं फुकटचं गवत पाजून मामंजींच्या तोंडून वाहवा मिळवावी, आणि चार लोकांत सांगावं की ही तुमच्या रेल्वेवाल्यांची ऐट.

धाकटीला तेव्हा दिवस गेले होते. कॉफीच्या वासानं तिला मळमळायचं. नाकाला पदर लावून ती कॉफी करायची, स्वतः घोटभरही घ्यायची नाही. ते माझ्या पथ्यावरच पडलं. तिच्या डब्यातली कॉफी मी माझ्या पेटीत लुगड्यांखाली ठेवली आणि डब्यात तरोटा भरला. आठ दिवस मामंजी तरोटा प्याले आणि म्हणाले, आज झकास झाली. चार दिवस त्यांचं पोट तेवढं ढिलं होतं, वारंवार तांब्या घेऊन शेताकडे जात होते. मी तोंडाला पदर लावून हसत होते. बोलायचा दिवस मी मनात ठरवूनही ठेवला होता.

त्याआधीच तुरीचं खळं लागलं. दुपारी वारा फिरला, सगळा भुसा ओसरीत आला आणि मामंजी घोंगडीवर दोन्ही हात टेकून वाकले. त्यांच्या छातीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. धाकटीनं तिप्पट पूड घालून पेला नेला. काही झालं नाही. तिनं दुसरा केला. तोही ते कसेबसे प्याले, आणि त्यांचे ओठ काळेनिळे होत गेले. तिसरा पेला त्यांनी हातानं लोटला.

खरी कॉफी माझ्या पेटीत होती. दहा पावलं. मी जागची हलले नाही. लोकं सांगतात भीतीनं पाय गळाले वगैरे. खरं सांगते, माझी भीती नंतर आली. आधी वाटलं ते एवढंच, की बरं झालं, हिचा हात खोटा पडला.

वैद्य आले, शेक दिला, आणि दिवेलागणीला त्यांचा श्वास खाली बसला. दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्याकडे परत आली. धाकटीच्या माहेरून नवी पूड आली, तिनं कॉफी करून आत सरकवली, तर मामंजी म्हणाले, "ते नको मले. मोठीचा काढाच बरा." पुढे तीन वर्षं ते माझा काढा प्याले. दर हिवाळ्यात दिवस दिवस धापा टाकल्या, आणि एका माघात त्यातच गेले. मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडले.

माझा मुलगा पुढे अमरावतीला रसायनशास्त्र शिकायला लागला. एका सुट्टीत आम्ही दोघी जावा डाळ निवडत बसलो होतो आणि तो झाडाझुडपांतल्या द्रव्यांबद्दल सांगत होता. कॉफीच्या बीत कॅफीन असतं, ते मेंदूला जागं ठेवतं आणि श्वासाच्या नळ्या थोड्या मोकळ्या करतं. कडवटपणात त्याचा वाटा थोडाच, बाकीचा कडूपणा आणि रंग बी भाजल्यामुळे येतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तरोट्यात असतं का ते? तो हसला. म्हणाला, "नाही वं माय. त्याच्यानं पोट साफ होते, बस."

तो उठून गेला. धाकटीनं सुपातून मान वर केली नाही.

"जाऊबाई, मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "मामंजीनं लोटलेला पेला म्या तोंडाले लावून पाह्यला होता."

मी विचारलं, मग बोलली काहून नाहीस?

"नवी पूड आली तवा देऊन पाह्यली, त्यायनं घेतली नाही. मंग तुमचं नाव सांगतलं असतं तं तुमाले माहेरी धाडलं असतं. पोरगं लहान होतं तुमचं."

तिनं सूप पाखडलं आणि खडे वेगळे केले. तिचे पाय धरावेत अशी ती वेळ होती. मी धरले नाहीत. इतकी वर्षं हे पोटात ठेवून ती माझ्या ताटात वाढत राहिली, आणि मला त्यातलं काही जमलं नसतं, हे कळलं आणि अंगाची आग झाली. मी डाळ तशीच टाकून उठले आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.