खिडकीसमोरचा खड्डा

हौसाआक्का उमललेल्या फुलाकडं कधी फार बघायची नाही. सकाळी पदर खोचून, पानं बाजूला सारत ती कळ्या हुडकायची आणि सापडली की खिडकीशी येऊन आत सांगायची, "अवो, शेवंतीला कळी धरली." आत खाटेवर तिचे यजमान, तात्या, दम्यानं बसूनच असायचे. "धरू दे की," म्हणत ते खिडकीकडं सरकायचे. काटेवाडीत आमची दारं समोरासमोर, त्यामुळं माझा दिवस या बातमीनंच उजाडायचा. पुढंपुढं मला त्या बागेची धास्ती वाटायला लागली.

मागच्या थंडीत तात्यांचा दमा एवढा वाढला की मीच त्यांना गाडीत घालून बारामतीच्या दवाखान्यात नेलं होतं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, पुढची थंडी जपा. औषधं सगळेच आणतात. आक्कानं थंडीचीच तयारी केली. आषाढातच तिनं खिडकीसमोरची वांगी उपटून जागा मोकळी केली. मी कामासाठी इंदापूरला जायचो, तर तिथल्या नर्सरीतून रोपं आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"मानूस फुलाला थांबत न्हाय, सुरेश," ती म्हणायची, "कळीला थांबतो. एक उमलायच्या आत दुसरीला कळी पायजे."

त्या हिशेबानं वाफे पडले. दसऱ्याला झेंडू, दिवाळीपासून शेवंती, मार्गशीर्षात कोरांटी, आणि कुंपणावर संक्रांतवेल, जी ऐन पौषात केशरी होते. निम्म्या शेवंतीचे शेंडे तिनं दोनदा खुडले, म्हणजे ती मागाहून फुलावी. मी चेष्टा केली, "आक्का, यस्टी बी इतक्या लागोपाठ सुटत न्हाईत." ती हसली, पण हात थांबला नाही.

दसरा झाला आणि तिनं एक गडी लावून खिडकीच्या बरोबर समोर, वाफ्यांच्या मधोमध, मांडीएवढा खोल खड्डा काढून घेतला. शेजारी शेणखताचा ढीग. मी आणलेलं बुचाच्या झाडाचं रोप काळ्या पिशवीत हौदाआड ठेवलेलं होतं, पण ते काही तिनं लावलं नाही.

आमच्याकडं आता सावडल्यावर बरेच जण राख नदीत सोडत नाहीत. खड्ड्यात घालून तिच्यावर झाड लावतात. त्यामुळं आजारी माणसाच्या घरासमोरचा मोकळा खड्डा म्हणजे काय, हे गल्लीत कुणाला सांगायला नको होतं. बायका पाण्याला जाताना तिकडं बघायच्या आणि आवाज खाली घ्यायच्या. मला तर आक्काचा रागच आला. नवरा खाटेवरून दिवसभर तेच बघणार.

"आक्का, त्यो खड्डा तेवढा बुजव. नायतर झाड तरी लाव."

"ऱ्हाऊ दे. तापू दे जरा."

"थंडीत काय तापतोय?"

ती छातीवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि झारी घेऊन वळली. मला वाटलं, वाकून वाकून दमली असेल.

थंडी पडली. तात्यांच्या छातीची घरघर आमच्या ओट्यावर ऐकू यायची. झेंडू गेला, शेवंती आली. शेवंती उतरायच्या आत कोरांटी. बाग अशी देखणी झाली की रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून बघायचे. आणि सगळ्या रंगांच्या मधोमध तो काळा खड्डा. वेलीच्या कळ्या भरल्या तेव्हा मी मनात म्हटलं, हिची यादी इथं संपते. वेलीनंतर हिनं काहीच लावलेलं नाही.

संक्रांत झाली. कुंपण केशरी झालं, एकही कळी उरली नाही. त्या सकाळी बातमी आली नाही. तात्यांनी आतून दोनदा हाक मारली आणि मग महिनोन्‌महिने उंबरा न ओलांडलेला तो माणूस भिंत धरून बाहेर आला. मी धावलो. आक्का हौदाला टेकून बसली होती, झारी कलंडलेली. अंग गार पडलं होतं.

तिसऱ्या दिवशी सावडून आलो. राखेचं गाठोडं माझ्या हातात होतं. मी खड्ड्याशी घुटमळलो, तसे दारात खुर्ची टाकून बसलेले तात्या म्हणाले, "घाल. तिचाच हाय त्यो."

मी गाठोडं खाली टेकवून त्यांच्याकडं वळलो.

"दसऱ्यालाच बोलली हुती मला. काळजाचं दुखणं हुतं. आपरेशन नगं म्हनली, तुमच्याकडं कोन बघंल म्हनली. कुनाला सांगू नगा म्हनली." त्यांनी दम घेतला. "गल्लीला वाटलं माझा हाय. वाटू दिलं."

मी राख घातली, शेणखत घातलं, पिशवी फाडून रोप बसवलं. मला रडू आवरत नव्हतं. तात्या खुर्चीतून बघत होते.

"ह्याला कळी कवा धरती रं?"

"बूच हाय, तात्या. पाच-सहा वर्सं तरी जातील."

त्या वीतभर रोपाकडं ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"लबाड," ते म्हणाले. "म्हाईत हुतं तिला."

मग मला म्हणाले, "सुरेश, आत चल. खाट जरा खिडकीकडं सरकव."