फ्रीझरमधली मूळ नळी

आमच्या प्रयोगशाळेत ताई आली तेव्हा चौतीस वर्षांची होती. शाळेतली कायमची नोकरी सोडून पीएचडीला आलेली. फेलोशिपची जागा एकच होती आणि ती हिला मिळाली. "सासूबाई म्हणतात, लेकीचं आणि तुझं दप्तर एकदमच भरत जाऊ," असं हसत सांगायची. मी तिथला सहायक. बावीस वर्षं बाटल्या धुतोय, जिवाणूंचं खाद्य शिजवतोय. सगळे मला काका म्हणतात, आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता.

तिचा जिवाणू मातीतला. इतर जंतूंना मारणारं औषध तो स्वतःच तयार करतो. कोणती साखर खाल्ली की तो ते जास्त करतो, एवढंच तिला शोधायचं होतं. बशीत रोगजंतू पसरायचे, मधे याचा रस सोडायचा. औषध असेल तर भोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडं उमटतं. ती पट्टी घेऊन कडी मोजत बसायची.

पहिल्याच आठवड्यात ती फ्रीझरमधून मूळ जिवाणूची नळी काढायला निघाली. मी अडवलं.

"ताई, दर वेळी ती नळी कशाला बाहेर काढता? वितळून वितळून मरेल तो. मागच्या बशीतलाच थोडा उचलायचा नव्या बशीत."

तिनं ऐकलं. वीस वर्षं घासलेल्या माणसाचं का नाही ऐकणार? मग बशीतून बशीत, दोन वर्षं.

पहिल्या वर्षी एक साखर दिली, कडी मोठी आली. दुसऱ्या वर्षी दुसरी दिली, कडी आक्रसत गेली. तिचे मार्गदर्शक सर खूश. "ही साखर औषध बंद पाडते," म्हणाले आणि पेपर लिहायला घेतला. याच काळात जिवाणूवरची पांढरी भुकटी जाऊन तो गुळगुळीत दिसायला लागला होता. "माझ्यासारखं टक्कल पडलं की याला!" मी म्हणालो. दोघंही हसलो. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण नाही.

फेलोशिप आणखी एक वर्ष वाढवून मिळायची तर समितीपुढे काम मांडावं लागतं. त्याआधी खात्री म्हणून तिनं दोन्ही साखरा एकाच दिवशी लावल्या. एकातही कडं आलं नाही. मग तिनं मूळ नळी काढली आणि पुन्हा लावलं. दोन्हीकडे बाटलीच्या झाकणाएवढं कडं.

"काका, साखरेचा काही संबंधच नाही. बशीतून बशीत नेता नेता हा औषध करायलाच विसरलाय. दोन वर्षं पाण्यात गेली."

सर तिला म्हणाले, "समितीपुढे हे काढू नकोस. वर्ष पदरात पाडून घे, मग निस्तरू."

समितीच्या खोलीत मी पाण्याचे ग्लास ठेवत होतो. तिनं उभं राहिल्या राहिल्या सगळं सांगून टाकलं. समितीतल्या वयस्कर बाईंनी चष्मा काढला.

"मूळ नळीकडे परत जायचं, हे तर पहिल्या वर्षाची मुलंही जाणतात. तुम्हाला कुणी सांगितलं होतं का असं करायला? प्रयोगशाळेचीच पद्धत चुकीची असेल तर तुमच्या वर्षाचा विचार करता येईल."

मी हातातल्या ग्लासाकडे पाहत राहिलो. ताईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुणी नाही. मीच ठरवलं होतं."

मी शेवटचा ग्लास ठेवला आणि दार हळू लावून बाहेर आलो. मला स्वतःची लाज वाटली, पण परत आत गेलो नाही.

वर्ष नामंजूर झालं. सोमवारी ताईनं कप्पा रिकामा केला. वह्या, पट्टी, लेकीनं रंगवलेला पेनांचा डबा, सगळं एका खोक्यात भरलं. मी खोकं धरून उभा होतो.

"काका, रिटायर व्हायला दोनच वर्षं राहिलीत ना तुमची?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

मी मान हलवली. माफी मागायला तोंड उघडलं, आणि "खोकं जड आहे, गाडी बोलावू का?" एवढंच विचारलं.