सावडीत माझं नाव नाही

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथं लिहितोय.

नऊ वर्षं जर्मनीत आहे. यंदा मुद्दाम भातलावणीसाठी रजा काढून उत्रोलीला आलो. आमच्याकडे लावणी सावडीनं होते. आज आमच्या खाचरात, उद्या शेजाऱ्यांच्या, घरटी एक माणूस.

सकाळी चिखलात उतरलो, तर वहिनीनं माझ्या हातातली रोपं काढूनच घेतली. "भावजी, तुमी बांधावर बसा." आईनं माझ्यापुरतं दुकानातून बाटलीचं पाणी मागवलं होतं. बसलो पीत.

जेवताना शेजारच्या तात्यांनी आईला विचारलं, "उद्या तुमच्याकडनं कोन?"

"मी येतो," मी म्हणालो.

सगळे हसले. आई म्हणाली, "त्यो कशाला? पावना हाय त्यो. थोरला यील."

पाहुणा! सख्खी आई म्हणतेय.

तेवढ्यात मोबाईल वाजला. जर्मनीतल्या आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी ठरलेली असते, आणि त्यावरून खालच्या मजल्यावरच्या म्हातारीशी माझी नऊ वर्षं भांडणं चालू आहेत. तिचाच मेसेज होता: "या आठवड्यात पाळी तुझी. जिना तसाच पडलाय. कधी येतोस?"

बांधावर बसून चार वेळा वाचला. तो जिना आत्ताच्या आत्ता झाडावासा वाटला, आणि त्याचंच रडू आलं.

तुमच्या वाट्याचं एखादं काम गावात अजून कुणी राखून ठेवलंय का? माझ्यासाठी फक्त बाटलीचं पाणी ठेवलंय.