आधी तुम्ही प्या

जयसिंगपूरच्या सुरेखाताईंचं नाव आधी लिहिते, मग माझ्या आर्यनचं. त्या नसत्या तर हे लिहायला मी बसलेच नसते.

मी वाशिमकडची. सातवीत शाळा सुटली. नवरा कागलच्या एमआयडीसीत कामाला, म्हणून कोल्हापूरजवळ उचगावात खोली घेऊन राहतो. इथे आमचं रक्ताचं कुणी नाही.

आर्यन दोन वर्षांचा. पोट मोठं, गाल गुबगुबीत. लोक म्हणायचे, बाळसं छान आहे. पण सकाळी घामाने भिजलेला असायचा, कधी डोळे फिरवायचा. कोल्हापुरात मोठ्या दवाखान्यात रक्त, सोनोग्राफी, मग जनुकांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज." म्हणजे लिव्हरमध्ये साखर साठते, पण पोट रिकामं असताना बाहेर येत नाही. लिव्हर फुगतं आणि रक्तातली साखर उतरते. आई-बाप दोघांकडून एकेक खराब जनुक आलं की हा आजार होतो.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आमच्या घरात असं कोनालेच नाही."

औषध काय, तर कॉर्नफ्लोअर. "न शिजवता, साध्या पाण्यात कालवून, ठरलेल्या वेळी," डॉक्टर म्हणाले. एवढा मोठा दवाखाना आणि औषध किराणा दुकानातलं! मला वाटलं, गरीब बघून टाळतात.

बाहेर बाकावर एक बाई शेजारी येऊन बसल्या. त्याच सुरेखाताई. "माझ्या पोरीला बी ह्योच आजार हाय. नंबर दे तुझा. आमी सगळी आईबापं महिन्याला भेटतो की." हातात त्याच पिठाचा, कॉर्नफ्लोअरचा पुडा ठेवला. पैसे नको म्हणाल्या. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. घरमालकीणही म्हणाली, "सांभाळून ऱ्हा. आधी फुकट देत्यात, मग गळ्यात पडत्यात."

आमच्याकडे लेकराला कच्चं पीठ देत नाहीत, पोट दुखतं. म्हणून मी ते चांगलं शिजवलं, पातळ पेज केली आणि झोपताना पाजली. सकाळी आर्यन उठेना. मग हातपाय झटकायला लागला. दवाखान्यात ग्लुकोज लावलं, तेव्हा कुठे डोळे उघडले.

मी ताईंना फोन लावून ओरडले, "काय घातलंत पिठात?"

त्या तशाच निघाल्या. एस.टी.ने आमच्या खोलीवर आल्या. सोबत कोमल, त्यांची नववीतली मुलगी. या आजाराचं एवढं मोठं झालेलं मूल मी पहिल्यांदा बघितलं. ताईंनी पिशवीतून न फोडलेला पुडा काढला.

"आधी तुम्ही प्या," मी म्हणाले.

"व्हय की. आण ग्लास." कालवलं आणि घटाघटा प्यायल्या. ओठावर पांढरी मिशी उमटली.

"मम्मी, माझ्यासाठी ठेव की थोडं," कोमल हसली. तिची वेळ झाली होती. तिने स्वतःचं कालवून घेतलं.

मग ताईंनी विचारलं, "तू कसं दिलतंस?"

"शिजवून."

"अगं बया! शिजवल्यावर साखर झटक्यात सुटती आन् संपती. कच्चं हळूहळू जिरतंय. मी बी खीर केलती पहिल्यांदा. मला दुसऱ्या आईनं सांगितलं तवा कळलं."

तरी मी डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, "मी हेच सांगितलं होतं. फक्त पिऊन दाखवलं नव्हतं."

आईबापांच्या पुढच्या भेटीला गेले, पण दाराजवळ बसले. कधी काहीतरी विकायला काढतात, याची वाट बघत होते. पोहे आले, चहा आला. एका आईने रात्रीच्या पिठासाठी गजर कसा लावायचा ते दाखवलं. विकायला कुणी काहीच काढलं नाही.

तुमच्या लेकराला हे झालं, तर पिठाचं माप डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि माया म्हणून शिजवू नका.

आर्यनचं पोट अजून मोठं आहे. आजार जाणार नाही. पण सकाळी हाक मारली की उठतो.

ताई, गुडघा धरून तुम्ही एस.टी.ची पायरी चढता, ते मी बघते. तुमचं हे मी फेडणार. पुढची आई दवाखान्यात आली की तुम्ही घरी बसा, मला पाठवा. ती माझ्याकडे चोरासारखं बघेल, पुडा उलटापालटा करेल. करू दे. तिच्यासमोर आधी मी पिईन.